पिळात राहिलेला निळा

४ जुलै

टपालवाला मला लांबूनच हात हलवून "नाही" म्हणतो आणि वर हसतो. त्याच्या हसण्यासाठी मी तुला वाढवली का? "आजे, पोचल्या पोचल्या लिहिते" म्हणाली होतीस. चालत गेलीस की काय?

किरकिरे, आता विचारते, कशी आहेस. फोन मी घेणार नाही, आधीच सांगितलंय. त्यात तुझा आवाज डब्यात अडकलेल्या माशीसारखा येतो आणि माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. चौथीपर्यंत का होईना शिकलेय, माझं मी वाचते. लिही.

शेजारीण रोज विचारते, नात काय काम करते. "नाणी बघते" म्हटलं तर तोंडावर हात ठेवून हसली. मग मी ठोकून दिलं की बँकेत आहे. तेव्हा नीट सांग, नुसती नाणी बघायचे पगार कोण देतं? खोली कशी आहे? मालक कसा आहे? गळ्यातली चांदीची साखळी काढून ठेवत नाहीस ना? तुझ्या आईची तेवढी एकच वस्तू राहिलीय.

आजी


११ जुलै

ए आजे, तू बांधून दिलेल्या चादरीला मधोमध भोक आहे! पसरली तेव्हा त्यातून माझा पाय बाहेर आला. लाल कापडाचं ठिगळ लावलंय, दुसरं नव्हतं. आता चादर नाही, कुस्तीचा आखाडा वाटतो.

मी मजेत आहे. काम असं. लोक जुनी नाणी आमच्याकडे पाठवतात. आम्ही भिंगाखाली बघतो, खरं की खोटं ते ठरवतो, किती झिजलंय त्याचे गुण देतो आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करतो. डबीवरची चिठ्ठी वाचून लोक नाणं विकत घेतात. माझं टेबल शेवटचं. नाणं खरं असतं, पण कोणीतरी त्याच्या अंगाशी खेळलेलं असतं. ते माझ्याकडे येतं. मी चिठ्ठीवर लिहिते "पृष्ठभाग बदललेला", आणि पुढे कसा ते. आमचे शब्द ठरलेले आहेत. घासलेलं. पॉलिश मारलेलं. बुडवलेलं, म्हणजे तेजाबात बुचकळून काढलेलं. ते पांढरंफटक चमकतं पण मेल्यासारखं. लेप दिलेलं. कोरलेलं. आणि एक ऐक, बोट फिरवलेलं. नाकाच्या कडेचा तेलकटपणा अंगठ्यावर घेतात आणि नाण्यावरचे ओरखडे त्याने बुजवतात. खोटं नाही सांगत.

ऑफिसात अंगावर धातू चालत नाही. केसातली पिनसुद्धा दारात काढून ठेवायची. म्हणून साखळी दिवसभर खोलीत खिळ्याला असते. रागावू नकोस.

खोली जुन्या घराच्या माडीवर आहे, फळ्यांची जमीन. मालक खाली राहतो, फार गोड बोलतो. टपाल तोच वर आणून देतो. भाडं इतकं कमी की मीच दोनदा विचारलं. फक्त कधीकधी सडक्या अंड्याचा वास येतो. तो म्हणतो गटार आहे.

किरकिरी


१९ जुलै

चादरीला नावं ठेवतेस? तिच्यावर तुझी आई झोपली, तू झोपलीस, भोक तुझ्याच टाचांनी पडलंय.

तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. नाकाच्या तेलापाशी ती उठून गेली, बरं झालं. पण किरकिरे, एक मला पटत नाही. वस्तू घासून स्वच्छ केली हा गुन्हा कसा? मी जन्मभर भांडी घासली, माझ्यावर चिठ्ठ्या लावशील का? काळं पडलेलं तसंच ठेवायचं आणि त्याला भाव जास्त, हे शिकलेल्यांचे धंदे आहेत.

तो मालक मला आवडला नाही. माणूस गोड बोलतो आणि भाडं कमी घेतो, म्हणजे त्याला दुसरं काहीतरी हवं असतं. त्याला मी गोड्या म्हणणार. आणि गटाराचा वास माडीवर कसा चढतो? खालच्याच्या नाकात शिरायला हवा आधी. तुझी खोली सोडून खाली कोण कोण राहतं ते बघ. साखळी खिळ्याला टांगून चोरांना दाखवू नकोस.

आजी


२ ऑगस्ट

ए आजे, गूळ पाठवलास आणि तो शाईच्या बाटलीशेजारी बांधलास. निळा गूळ खातेय.

तू विचारलंस की घासणं गुन्हा कसा. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे ऑफिसच्या प्रमुख, म्हणतात, घासणं गुन्हा नाही, घासलेलं लपवणं हा गुन्हा. चांदीवर रंग आपोआप चढतो, आधी पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. त्याला वर्षं लागतात. तो रंग ज्याच्यावर सुरेख उतरलाय त्या नाण्याला लोक वेड्यासारखी किंमत देतात. मग काही जण तोच रंग गंधकाच्या धुरीने थोड्या दिवसांत चढवतात. सध्या आमच्याकडे असल्या निळ्या नाण्यांची रांग लागलीय. वेगवेगळ्या नावांनी येतात, पण मला वाटतं हात एकच आहे. मी सगळ्यांवर "रंग चढवलेला" लिहिलं. बाईंनी बोलावून विचारलं, कशावरून? मी म्हटलं, डोळ्याला कळतं. त्या म्हणाल्या, डोळा पुरत नाही, मला दाखवता येईल असं काहीतरी आण. माझ्या आधी या टेबलावर जो मुलगा होता त्यानेही हेच लिहिलं होतं. मग कोणीतरी कळवलं की तोच खोटी नाणी करणाऱ्यांना सामील आहे. त्याला काढलं. कुठे गेला कोणाला माहीत नाही.

काल कपाट सरकवलं तर मागे एक भिंग सापडलं. आमच्या ऑफिसचा शिक्का असलेलं. म्हणजे तो याच खोलीत राहायचा. मालक मला हे बोलला नाही.

आणि एक गंमत. आज टपाल देताना तो हसून म्हणाला, "तुमच्या आजींना गोड माणसं आवडत नाहीत वाटतं." मी त्याला असलं काही सांगितलं नव्हतं. तू तर सांगितलं नसशील!

किरकिरी


९ ऑगस्ट

मी त्याला कशी सांगेन, भवाने? मी त्याचं थोबाड पाहिलेलं नाही. मी ते तुला लिहिलं होतं, आणि तूच त्यावर मोठ्याने हसली असशील जिन्यात. तुझं हसणं तीन घरं ऐकू जातं.

खोली बदल. भिंग कपाटामागे टाकून कोणी सुखाने घर सोडत नाही. माणूस घर सोडताना आपली हत्यारं आधी उचलतो. तो पोरगा घाईत गेला, नाहीतर त्याला घालवला. दुसरी खोली महाग मिळेल, मिळू दे. मी इथे एकवेळ जेवते तशीही, दात कुठे आहेत.

नाण्यांवर कोण काय चढवतं ते त्या बाईंना बघू दे. तुला काय पडलंय? आपण दोघीच आहोत एकमेकींना. तू शहाणपणा करायला गेलीस आणि तुला काही झालं तर मी भांडू कोणाशी?

आजी


२१ ऑगस्ट

आजे, कालचं पार्सल कुरियरने पाठवलं आणि त्यात नुसती "ठेवून दे" एवढी चिठ्ठी घातली, यावर तू चिडली असशील. चीड, पण आधी हे वाच. ऑफिसजवळच्या पेटीत टाकतेय. घरी लिहिलं नाही.

साखळीला हात लावू नकोस. कापडातून काढूसुद्धा नकोस.

ती खिळ्याला होती ना, तो खिळा फळ्यांच्या फटीच्या वर आहे. परवा गळ्यात घालायला गेले तर वरचा भाग पिवळा, मधला जांभळा आणि खालचं टोक निळं. अगदी त्या नाण्यांचा निळा. सहा आठवड्यांत! गटाराने असा रंग येत नाही आजे. माझ्या बरोबर खाली एक कायम कुलूपबंद खोली आहे, तिथे गंधक जाळतात. तो नाणी तिथेच करतो आणि दुसऱ्यांच्या नावांनी आमच्याकडे पाठवतो. मला स्वस्तात खोली दिली ती यासाठी की मी तोंड उघडलं तर म्हणायचं, ही तर याच घरात राहते, हीच सामील आहे. आधीच्या मुलाचं असंच केलं.

ही साखळी म्हणजे बाईंना दाखवायची वस्तू. बाई प्रदर्शनाला गेल्यात, महिनाअखेरीस येतील. ऑफिसात मला धातू नेता येत नाही आणि खोलीत कोणीतरी माझ्या वस्तू चाळतं. उशी रोज दुसऱ्या बाजूला असते. म्हणून तुझ्याकडे पाठवली. खाली बाईंच्या घरचा पत्ता लिहिलाय. त्या आल्या की मी सांगेन, मग तू तिथे पाठव.

दुसरं. तुझी पाकिटं नीट बघितली. चिकटवलेली कड सुरकुतलेली आहे, ओली करून उघडल्यासारखी. गोड्या तुझी पत्रं वाचतो. म्हणून त्याला तसं बोलता आलं. यापुढे घरच्या पत्त्यावर काहीही लिहू नकोस. एक अक्षर नको.

किरकिरी


२४ ऑगस्ट

पार्सलमध्ये पत्र नाही, कुशल नाही, नुसती "ठेवून दे". मी काय तुझं गोदाम आहे?

आणि साखळीची काय दशा केलीस! उघडली आणि उजेडात धरली. निळीजांभळी, मार खाल्लेल्या पाठीसारखी. तुझ्या आईने ती कधी अशी होऊ दिली नव्हती. आणि तुला सांगू, तू लिहिलं होतंस ना त्या नाण्यांवरच्या निळ्याबद्दल, तसलाच हा निळा. तो गोड्या खाली राहतो ना, तिथूनच येत असणार, गटार कसलं! त्या गोड्याला म्हणावं खाली काय शिजवतोस ते झाकण घालून शिजव, आमच्या पोरीचे दागिने बिघडतात.

काळजी करू नकोस. बाहेर बसून राखेने आणि जुन्या ब्रशने घासली. हात भरून आले पण आता बघशील तर डोळे दिपतील. कालच घडवल्यासारखी. ट्रंकेत ठेवलीय. तुमच्या त्या बाईंना दाखव म्हणावं, स्वच्छ केलेली वस्तू कशी दिसते.

आजी


२ सप्टेंबर

आदरणीय आजीस सादर प्रणाम,

आपली प्रकृती उत्तम असावी अशी आशा आहे. मी येथे अत्यंत सुखात आहे. उजव्या हाताला कामावर थोडे भाजल्यामुळे हे पत्र टाइप करून पाठवीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. सदर नोकरी मला मानवत नसल्याने मी राजीनामा दिला असून काही दिवस मैत्रिणींबरोबर प्रवासास जात आहे. तेव्हा पत्र न आल्यास चिंता करू नये.

आपण माझी साखळी स्वच्छ केलीत याचा आनंद झाला. ती प्रवासात वापरण्याची इच्छा आहे. तरी पत्र मिळताच वरील पत्त्यावर पाठवावी. कोणासही दाखवू नये.

घरमालकांनी आपल्याला नमस्कार सांगितला आहे. ते माझी फार काळजी घेतात.

आपली नात


५ सप्टेंबर

मोठ्या बाईंस,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या शेवटच्या टेबलावर जी पोरगी बसते तिची मी आजी. पत्ता तिच्या पत्रातला. ते पत्र पार्सलनंतर आठ दिवसांनी माझ्या दारात आलं. तोवर मी जे करायचं नव्हतं ते दोन्ही करून बसले होते. साखळी घासली, आणि घासली हे त्या माणसाच्या हातात पडेल अशा पत्रात लिहून कळवलं. का रंगली तेही लिहिलं. तिने तोंड मिटून ठेवलं होतं, मी इथून ओरडले.

सोबत तिची सगळी पत्रं आहेत. आणि हे टाइप केलेलं. हे तिचं नाही. माझ्या नातीने जन्मात मला आदरणीय म्हटलेलं नाही. आमच्या घरात पत्र तक्रारीने सुरू होतं, तिची आईही तसंच लिहायची. यात तक्रार एकही नाही. तुमचा तो शब्द आहे ना, बुडवलेलं. चकचकीत आणि मेलेलं. हे पत्र तसं आहे.

आणि त्यात लिहिलंय हात भाजला. तेवढंच खरं असेल अशी मला भीती आहे.

घासलेली साखळी पाठवतेय. पाठवण्याआधी रडायला बसले नाही, चष्मा लावून बसले. साखळी पिळाची आहे. पीळ दोन नखांनी उलटा फिरवला तर आत, जिथे माझा ब्रश पोचला नाही, तिथे अजून निळं आहे. वरून खाली बघत जा, पिवळं, जांभळं, निळं, तसंच ओळीने. मला वाटतं आहे. माझे डोळे म्हातारे आहेत. तुम्ही बघा आणि लगेच कळवा.

नसेल दिसत तरी कळवा. पण आधी तिला बघा.


९ सप्टेंबर

आजींस नमस्कार.

साखळी मिळाली. घासलेली आहे, यात शंका नाही. तपासायला आली असती तर चिठ्ठीवर तसंच लिहिलं असतं. पण पिळात रंग आहे. भिंगाखाली टोकापासून टोकापर्यंत उतरत जाणारा दिसतो. अडवून ठेवलेल्या नाण्यांशी शेजारी धरून पाहिला. एकाच धुरीतला आहे. तुमचे डोळे ठीक आहेत.

आधीच्या मुलाला मीच काढलं होतं. त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं आणि माझ्याकडे त्याच्याविरुद्ध एक सुरेख टाइप केलेलं पत्र होतं. तुम्ही पाठवलेलं पत्र त्याच्याशेजारी ठेवलंय. दोन्हींत एकच अक्षर अर्धं उमटतं. एकच यंत्र.

तुमची नात तीस तारखेपासून कामावर आलेली नाही. राजीनामाही टाइप केलेला आला. काल मी स्वतः त्या घरी गेले. मालक दारातच बोलला, अतिशय नम्रपणे. म्हणाला, ती प्रवासाला गेली, खोली रिकामी आहे, किल्ली सापडत नाही. खालून मला उग्र वास आला. बाहेर पडून वर पाहिलं तर माडीच्या खिडकीला आतून एक चादर लावलेली होती. जुनी, मधोमध लाल ठिगळ. एरवी माझं लक्ष गेलं नसतं, पण पत्रात वाचलं होतं.

पोलिसांकडे जाऊन आले. सगळी कागदपत्रं त्यांनी पाहिली. उद्या-परवा ते माझ्याबरोबर यायला तयार आहेत. तुम्ही येऊ नका, प्रवास लांबचा आहे. हे पत्र आमचा माणूस हातोहात आणतोय; मालकाला काही सांगायचं असेल तर त्याच्याच हाती लिहून पाठवा, मी मालकाच्या हातात देईन.


१० सप्टेंबर

गोड्या,

माझी आधीची पत्रं वाफेवर धरून वाचलीस. हे उघडंच आहे, कष्ट घेऊ नकोस. हे टपालाने आलेलं नाही. ज्या बाई देताहेत त्या दारातून हलणार नाहीत आणि त्या एकट्या आलेल्या नाहीत, मान वर करून बघ.

नमस्कार सांगितला होतास, तो परत पाठवतेय.

तुला वाटलं म्हातारीने घासून तुझं काम सोपं केलं. मलाही तसंच वाटलं आणि तीन दिवस मला अन्न गेलं नाही. पण तू नाणी करतोस, ती सपाट असतात. साखळीला पीळ असतो. तिच्या पोटातला रंग मला काढता आला नाही आणि तुलाही आता काढता येणार नाही, कारण ती माझ्याकडे नाही. तेव्हा साखळीसाठी माझ्या पोरीला अडकवून ठेवण्यात काही अर्थ उरलेला नाही. तिला काही सांगायला लावून उपयोग नाही. जे सांगायचं ते तिच्या आईच्या दागिन्याने सांगून टाकलंय.

खोली रिकामी आहे म्हणालास. रिकाम्या खोलीला चादर कोण लावतं रे? ती चादर टाकून ती चार पावलं जाणार नाही. भोकासकट प्रवासाला नेईल, आणि मला शिव्या घालत नेईल. ज्याने ती खिडकीला लावली त्याला उजेड नको होता. किंवा जिने लावली तिला कोणीतरी वर बघायला हवं होतं. दुसरं असेल तर ती शहाणी आहे. पहिलं असेल तर तुझं मी काय करीन ते लिहायला चौथीपर्यंतचे शब्द पुरत नाहीत.

किल्ली सापडत नसेल तर पोलीस दार मोडतील. दाराचे पैसे मागू नकोस.

आता उत्तर. मला उत्तर पाहिजे, आणि ते आजच पाहिजे. बाई कागद घेऊन आल्यात, तुझं यंत्र नको. तू एक ओळ लिहायची नाहीस. बाईंनीही तिच्या वतीने लिहायचं नाही, पोलिसांनीही नाही. बरी आहे, धोका टळला, असलं दुसऱ्याच्या हातचं मी वाचणार नाही, परत पाठवीन. कोणी लिहिलंय ते मला पहिल्या ओळीत कळतं, कसं ते तुला सांगणार नाही.

तिने लिहायचं. उजवा हात भाजलाय ना? मग डाव्या हाताने.